डबा आपणच उघडायचा



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या लालबागच्या केंद्रातला कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं तरी पंखा फिरेना, दिवा लागेना. नेहमीप्रमाणे आम्ही दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो आला, त्याने मागच्या वायरी काढल्या, "दुकानात न्यावा लागेल" म्हणाला आणि डबा स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन गेला. आमच्यातल्या एकीने त्याच्यासाठी जिन्यातला दिवा लावला, दुसरीने दार धरलं. नऊ दिवसांनी डबा परत आला. चालू होता, पण आत आमचं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "हार्ड डिस्क गेली होती, नवीन घातली." जुनी कुठे आहे? "ती खराबच होती ना मॅडम. पडली असेल दुकानात."

त्या डिस्कवर अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. केंद्रात आलेल्या बायकांची नावं, पत्ते, मुलांच्या शाळा, माहेरचे फोन, नवऱ्याने काय केलं ते त्यांच्याच शब्दांत, डॉक्टरांचे दाखले, जखमांचे फोटो. त्यांच्यातल्या काही जणी आज कुठे राहतात हे त्यांच्या सासरच्यांना माहीत नाही, आणि कळू नये म्हणूनच त्या आमच्याकडे आल्या होत्या.

डिस्क मिळाली. हिशेब पाहणाऱ्या आमच्या मैत्रिणीला प्रत्येक बिल जपून ठेवायची सवय आहे. जुन्या बिलावर डिस्कचा नंबर होता. तो घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो आणि एका खोक्यातल्या वीस-पंचवीस डिस्कमधून आमची शोधून काढली. ओळखीच्या एका मुलीने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली. सगळं जसंच्या तसं उघडलं. डिस्क खराब नव्हतीच. बिघाड होता वीज पुरवणाऱ्या भागात, म्हणजे एसएमपीएसमध्ये. जी वस्तू शाबूत होती ती काढून फेकली गेली होती आणि त्या खोक्यात हात घालणाऱ्या कोणालाही ती वाचता आली असती.

दुरुस्तीवाल्यावर राग काढून मी हे संपादकीय संपवू शकले असते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्याच्यामुळे नाही. डबा उचलून नेताना आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं की आमचे कागद यात कुठे आहेत. ते आम्हाला माहीतच नव्हतं.

बाईचं नाव झाकून ठेवण्यासाठी या चळवळीने काय केलं आहे ते आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ठिकठिकाणी मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या. १९८३ साली कायदा बदलला आणि भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. आम्हीही अहवाल लिहिताना नावं बदलतो, गाव बदलतो, फोटोत चेहरा येऊ देत नाही. एवढी काळजी घेणाऱ्या आम्ही अकरा वर्षांच्या बायकांची खरी नावं एका अनोळखी माणसाच्या स्कूटरवर ठेवून दिली, आणि वर दार धरलं.

डबा चार स्क्रूंनी बंद असतो. मागचे चार स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटरवर लिहिते आहे, हे मासिक त्याच्यावरच जुळवलं जातं, तरी आत काय आहे हे पाहावं असं मला कधी वाटलं नाही. आणि हे माझं एकटीचं नाही. कळफलकाशी बायका आणि स्क्रू ड्रायव्हरशी पुरुष, अशी वाटणी आपण कोणी न सांगता मान्य केलेली आहे. घरातही तेच. मिक्सर चालवायचा आपण, तो बंद पडला की बोलवायचं कोणाला तरी.

ही वाटणी आपल्या या भागाला जुनी आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. पण ती असायची रिळिंग आणि वाइंडिंगमध्ये. साच्यावर बाई नसायची. बायकांवर देखरेख करणारी नाईकीण बाई असे, पण यंत्र दुरुस्त करणारा पुरुष. पुढे गिरण्यांमध्ये नवी यंत्रं आली, कामाची फेरमांडणी झाली, तेव्हा आधी बायका कमी झाल्या. ज्यांना यंत्राचं आतलं काम कधी शिकवलंच नव्हतं, त्यांना "यंत्र आलं, आता तुमची गरज नाही" असं सांगणं सोपं होतं. १९८२चा संप झाला तोपर्यंत गिरणीतली बाई जवळजवळ दिसेनाशी झाली होती. ती दिसत होती खानावळीत, संपकऱ्यांचं घर चालवताना.

कॉम्प्युटरची गोष्ट याहून वेगळी असेल असं मला वाटत होतं. वाचायला बसले तर तिथेही तेच. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक नावाचं यंत्र लोकांपुढे आणलं गेलं. ते गणितासाठी जुळवून देण्याचं काम सहा तरुणींनी केलं होतं. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत जायची परवानगीसुद्धा नव्हती. कागदावरच्या जोडणीच्या नकाशांवरून त्या ते शिकल्या. पुढे त्यांचा हात असा बसला की हजारो व्हॉल्व्हमधला कोणता गेला आहे हे त्या शोधून काढत. समारंभानंतरच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं, आणि कित्येक वर्षं फोटोंखाली त्यांची नावंही नव्हती. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरची स्मृती तर अक्षरशः विणलेली होती. बारीक चुंबकी कड्यांमधून तांब्याची तार ओवायची, कुठे कडीतून, कुठे कडीच्या बाहेरून. हे काम वॉल्थम या गावातल्या कारखान्यात बायका करत. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कापडगिरण्यांपैकी एक याच गावात उभी राहिली होती.

आपल्या मुंबईतही १९७३ साली अंधेरीला सीप्झ सुरू झालं. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडणाऱ्या तिथल्या कारखान्यांत मोठ्या संख्येने तरुण मुली घेतल्या गेल्या. कारण काय, तर बायकांची बोटं नाजूक आणि चपळ असतात, त्या मान खाली घालून तासन्‌तास बसतात. म्हणजे यंत्राच्या पोटातले भाग जोडायला बाईची बोटं चालतात. यंत्र समजून घ्यायची वेळ आली की तीच बाई "यातलं मला काही कळत नाही" म्हणते, आणि सगळ्यांना ते पटतं.

तर आम्ही ठरवलं की जुना कॉम्प्युटर पुन्हा दुरुस्तीला द्यायचा नाही. नवा घ्यायचा, तोही सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. जो जोडता येतो तो उघडताही येतो, एवढाच हिशेब होता. हसणाऱ्यांना मी टिफ्रॅकचं उदाहरण देत असे. देशात घडवलेलं ते पहिलं मोठं कॉम्प्युटर आपल्याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. १९६० साली ते पूर्ण चालू झालं आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. जोडणाऱ्या तरुणांनी त्याआधी कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. हजारो व्हॉल्व्ह त्यांनी बसवले. आम्हाला तर सात-आठच भाग बसवायचे होते!

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सगळी मुंबई याच नावाने ओळखते. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पाच मिनिटांवर. गिरगावातल्या आमच्या मैत्रिणी एकेकाळी मिनर्व्हा आणि नाझला सिनेमा पाहायला या रस्त्याने येत; दुतर्फा असलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत त्या कधी शिरल्या नव्हत्या. आम्ही चौघी होतो, सोबत एकीचा अकरावीतला भाचा. पहिल्या दुकानात आमच्या हातातली यादी पाहून दुकानदाराने त्या मुलाकडे वळून विचारलं, "बोल, गेमिंगसाठी पाहिजे का?" मुलगा म्हणाला, "मला नाही माहीत, मावशीला विचारा." चौथ्या दुकानापर्यंत आम्ही विचारायला शिकलो होतो. हा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसतो का? सील आपल्यासमोर फोडणार का? वॉरंटी कंपनीची की दुकानाची? जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा नंबर मिळेल का? एकाच वस्तूचे तीन दुकानांत तीन भाव मिळाले. हे तर आपल्याला दादरच्या भाजीबाजारातही येतं, मग इथे लाजायचं काय?

जोडणी केंद्राच्या टेबलावर झाली, रविवारी, सहा जणींनी मिळून. कोणाला करून पाहायचं असेल म्हणून थोडं तपशिलात सांगते.

आधी कपडे. नायलॉनची साडी आणि लोकरी शाल नको, सुती नेसावं. अंगावर साठणाऱ्या विजेचा चटका आपल्याला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टनंतर. चिप त्याच्या कितीतरी कमी विजेने मरू शकते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून मधूनमधून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच खाचेवर असतो. त्रिकोणावर त्रिकोण ठेवला की तो आपल्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. वर उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाचा वाटाण्याएवढा थेंब, त्यावर पंखा. मग मेमरीची पट्टी; तिला मध्ये एक खाच असते, त्यामुळे उलटी बसत नाही. डब्यात आधी पितळी खुंट्या लावायच्या आणि मदरबोर्ड त्यांच्यावर ठेवायचा, कारण तो थेट पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो. एसएमपीएस घरातली २३० व्होल्टची वीज घेतो आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. म्हणजे डब्यातल्या वायरींचा शॉक बसण्याची भीती नाही. मात्र एसएमपीएसचा स्वतःचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. खोलीत सगळ्या गप्प. एकजण हळूच म्हणाली, "त्याला बोलवायचं का?" तेवढ्यात आमच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी पुढे आल्या. चाळीस वर्षं त्या स्वतःचं मशीन स्वतः खोलतात, तेल घालतात, पट्टा बदलतात. स्क्रू ड्रायव्हरला त्या डिसमिस म्हणतात. त्यांनी मेमरीच्या पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "ही बसवताना टक्‌ असा आवाज एकाच बाजूने आला ना? बॉबिन केस अशी अर्धवट बसली तर दोराच येत नाही." प्लग काढला, पट्टी काढून पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंनी टक्‌ झालं. पडद्यावर अक्षरं आली. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपल्याला यंत्रं कळत नाहीत हे खोटंच आहे. मावशींच्या ज्ञानाला आजवर कोणी तंत्रज्ञान म्हटलं नव्हतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट कळली. जुन्या डब्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. कॉम्प्युटरचा तो स्वभावच, असं आम्ही समजत होतो. सॉकेट तपासून घेतल्यावर दिसलं की तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. आमच्या चाळीतल्या जुन्या जोडणीत अर्थिंगच नाही. इतकी वर्षं तो डबा आम्हाला सांगत होता आणि आम्ही ओल्या हाताने त्याला शिवत होतो. आता अर्थिंग करून घेतलं आहे. आपापल्या घरी तपासून घ्या.

या सगळ्यावर गटात वादही झाले, आणि ते मला महत्त्वाचे वाटतात. एक मैत्रीण म्हणाली, आपल्याकडे रोज बायका रडत येतात आणि आपण स्क्रू पिळत बसायचं? विश्वासातली एखादी तंत्रज्ञ मुलगी शोधली तर काम भागेल. तिचं म्हणणं मला अर्धं पटतं. प्रत्येकीने हे शिकावं असा माझा आग्रह नाही. प्रत्येकजण वकील होत नाही, पण एफआयआरमध्ये काय लिहिलं आहे हे वाचायला आपण सगळ्याजणी शिकलो, कारण न वाचता सही केल्याचे परिणाम आपण पाहिले होते. कॉम्प्युटरचं तसंच आहे. काम दुसरीने केलं तरी ती काय करते आहे हे कळलं पाहिजे.

दुसरी म्हणाली, स्वतः जोडलेल्या डब्याने नोंदी सुरक्षित कशा होतील? हे तर पूर्णच खरं आहे. डबा जोडणं ही सुरुवात आहे. जोडताना डिस्क हातात आली म्हणून पुढचे प्रश्न सुचले. हार्ड डिस्कवरची फाइल पुसली म्हणजे बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिकेतली ओळ जाते, पानं तशीच राहतात, हे तेव्हा समजलं. मग संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू केली, म्हणजे पासवर्डशिवाय ती दुसरीकडे जोडून वाचता येत नाही. एक प्रत वेगळ्या जागी, तीही कुलूपबंद. आणि एक नियम केला: डबा दुरुस्तीला गेला तरी डिस्क या खोलीबाहेर जाणार नाही. ती काढायला एका स्क्रूचं काम आहे, आणि तो आता आमच्यातल्या पाच जणींना काढता येतो.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. हेच ज्ञान आज घराघरात बाईच्या विरुद्ध वापरलं जातं. नवरा घरच्या कॉम्प्युटरचे पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, तिची पत्रं वाचतो, ती कोणाशी बोलली ते तिलाच ऐकवतो. गेल्या महिन्यात एक बाई म्हणाली, "मी टाइप केलेलं त्याला कळतं कसं?" वर्षापूर्वी आम्ही तिला पासवर्ड बदलायला सांगून परत पाठवलं असतं. आता आम्ही विचारलं की कळफलकाची वायर डब्यात थेट जाते, की मध्ये बोटाच्या पेराएवढा तुकडा आहे? दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारे असे तुकडे बाजारात मिळतात. आणि सांगितलं की दिसला तरी लगेच काढू नकोस. काढलास की त्याला कळेल. आधी तुझं राहण्याचं, पैशांचं, मुलांचं ठरवू, आणि तोवर आपलं बोलणं त्या कॉम्प्युटरवरून नको. यंत्राची माहिती आणि बाईच्या जिवाची काळजी एकाच माणसाकडे असेल तरच असा सल्ला देता येतो. दुकानातला तंत्रज्ञ पहिलं सांगेल, दुसरं त्याला सुचणार नाही.

म्हणून ही विनंती. तुमच्या गटाच्या, मंडळाच्या, बचत गटाच्या नोंदी कुठे आहेत ते या आठवड्यात विचारा. कोणत्या डब्यात, कोणत्या डिस्कवर, प्रत कुठे, कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे? एखादा जुना बंद कॉम्प्युटर पडलेला असेल तर प्लग काढून तो उघडा, भाग ओळखा, काढा, पुन्हा बसवा. बिघडण्याची भीती नाही, तो बिघडलेलाच आहे. मुलींना मुद्दाम बोलवा, आणि शिवणयंत्र खोलणारी एखादी मावशी असेल तर तिला आधी. आमच्याकडे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जुना डबा टेबलावर असतो. या.

खोक्यातून परत आणलेली ती डिस्क आम्ही तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतल्यावर कपाटात ठेवली आहे. तिच्यावरच्या बायकांपैकी ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला त्यांना आम्ही झालेला प्रकार सांगितला आणि माफी मागितली. एकजण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता तुमच्याशिवाय कोणी उघडणार नाही ना?"

तिला हो म्हणता आलं.

तुमची,
संपादक